रात्री दोनला बॅटरी का दगा देते?

इन्व्हर्टरच्या पडद्यावर ३५ टक्के दिसत असतात आणि तरीही पंखा थांबतो, दिवे जातात, कोपऱ्यातला ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर केविलवाणा बीप-बीप करू लागतो. सोलरला जोडलेल्या नव्या लिथियम बॅटऱ्यांबद्दल ही तक्रार नेहमी कानावर येते. विक्रेता म्हणतो, बॅटरी चांगली आहे, तुमचा लोड वाढला असेल. घरचे म्हणतात, लोड रोजचाच आहे. पुष्कळदा दोघांचेही खरे असते. बॅटरी खराब झालेली नसते, लोडही वाढलेला नसतो. कित्येक दिवसांत ती एकदाही पूर्ण भरलेली नसते आणि तिच्या आतल्या सेलचा एकमेकांशी असलेला मेळ सुटलेला असतो.

घरात सगळे धडधाकट असतील तर याचा अर्थ उकाड्यात काढलेली एक रात्र, एवढाच. पण बिडीने किंवा चुलीच्या धुराने फुप्फुसे निकामी होत आलेले सीओपीडीचे अनेक रुग्ण आता घरीच ऑक्सिजनवर असतात. रक्तातला ऑक्सिजन ज्यांचा कायमच फार कमी असतो, त्यांना तो दिवसातून किमान १५ तास द्यावा असा वैद्यकातला दंडक आहे. त्यात झोपेचे तास आलेच. कोविडच्या साथीपासून कॉन्सन्ट्रेटर हे यंत्र गावोगावी ओळखीचे झाले. ते हवेतूनच ऑक्सिजन वेगळा काढते, त्यामुळे सिलिंडर भरून आणण्याची दगदग नाही. मात्र त्याला वीज अखंड लागते. झोपलेल्या रुग्णाच्या नाकातली नळी तशीच राहते आणि तिच्यातून काहीच येत नसते, हे घरच्यांच्या लक्षात यायला कधी कधी पहाट उजाडते.

इथे एक गैरसमज आधी दूर करायला हवा. छपरावर सोलर बसवले की लाइट गेल्यावरही घर चालू राहते, असे अनेकांना वाटते. फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘पीएम सूर्यघर’ योजना सुरू झाली, तीन किलोवॉट आणि त्यावरच्या यंत्रणेला ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान मिळू लागले आणि हा समज आणखी पसरला. प्रत्यक्षात महावितरणच्या तारांशी जोडलेली साधी सोलर यंत्रणा लाइट जाताच स्वतःही बंद होते. भर दुपारी, लख्ख उन्हात बंद होते. तिने तसे व्हावे हाच नियम आहे, कारण खांबावर दुरुस्तीसाठी चढलेल्या लाइनमनच्या तारेत कुणाच्या गच्चीवरची वीज येता कामा नये. लाइट नसताना घर चालवायचे असेल तर बॅटरी आणि तिला सांभाळणारा हायब्रिड इन्व्हर्टर वेगळा घ्यावा लागतो. तो घेतला म्हणजे काम झाले, असेही नाही.

हिशेब करून पाहू. पाच लिटरचा कॉन्सन्ट्रेटर साधारण ३५० वॉट वीज खातो. रात्रीच्या आठ तासांचे झाले २.८ युनिट. जुना ७५ वॉटचा पंखा आठ तास चालला तर आणखी ०.६ युनिट. इन्व्हर्टरमध्ये वाया जाणारी वीज धरली तर एका रात्रीला पावणेचार ते चार युनिट लागतात. घरोघरी बसवली जाणारी ५१.२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर ५.१२ युनिटची असते. म्हणजे रात्र निघावी, थोडी शिल्लकही राहावी. पण हा हिशेब बॅटरी सायंकाळी खरोखर पूर्ण भरलेली आहे आणि सकाळपर्यंत शेवटच्या थेंबापर्यंत देणार आहे, असे गृहीत धरून केलेला आहे. दोन्ही गोष्टी आपोआप घडत नाहीत.

(इन्सुलिनसाठी मात्र एवढा जीव टांगणीला लावण्याचे कारण नाही. वापरात असलेली इन्सुलिनची बाटली किंवा पेन २५ ते ३० अंशांपर्यंतच्या तापमानात साधारण चार आठवडे बाहेर चालते. न उघडलेली फ्रीजमध्ये ठेवायची, पण दोन-चार तास लाइट गेल्याने ती वाया जात नाही. फ्रीजचे दार उघडझाप केले नाही म्हणजे झाले. विदर्भातल्या मे महिन्यात पाण्याच्या मडक्याचा जुना उपाय अजूनही कामाचा आहे.)

या बॅटरीला लिथियम आयर्न फॉस्फेट किंवा थोडक्यात एलएफपी म्हणतात. अमेरिकेत ऑस्टिन इथल्या टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेत या पदार्थाचा उपयोग लक्षात आला आणि १९९७ मध्ये तो शोधनिबंधातून जगासमोर आला. त्या निबंधाच्या लेखकांत पहिले नाव अक्षय पाधी यांचे, दुसरे नंजुंदस्वामी यांचे आणि तिसरे गुडइनफ यांचे होते. लिथियम बॅटऱ्यांवरील आधीच्या कामासाठी गुडइनफ यांना २०१९ चे नोबेल विभागून मिळाले, तेव्हा ते ९७ वर्षांचे होते. एलएफपीमध्ये ऑक्सिजनचे अणू फॉस्फरसला घट्ट धरून असतात. बॅटरी तापली तरी तो ऑक्सिजन सहज सुटा होत नाही, म्हणून मोबाइल किंवा लॅपटॉपमधल्या लिथियम बॅटऱ्यांच्या मानाने ही कमी भडकते. काही हजार वेळा भरता-रिकामी करता येते. अर्धवट भरलेली राहिली तरी तिचे बिघडत नाही.

जुन्या ट्युब्युलर बॅटरीच्या तुलनेत हे सुख मोठे आहे. त्या शिशाच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालत राहावे लागते, चार्ज होताना हायड्रोजन वायू सुटतो, आम्लाचा वास येतो. ती रुग्णाच्या खोलीत ठेवू नये हे सांगूनही अनेक घरांत ती पलंगाखालीच सापडते. शिवाय जुनी बॅटरी भंगारात गेली की तिच्यातले शिसे कुठे जाते, हा प्रश्न वेगळाच. जगातल्या सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात शिशाचे प्रमाण चिंताजनक असल्याचा अंदाज युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थांनी २०२० मध्ये दिला. बॅटऱ्या उघड्यावर फोडून वितळवणे हे त्यांनी सांगितलेल्या मोठ्या कारणांपैकी एक होते.

तेव्हा एलएफपीकडे वळणे योग्यच आहे. फक्त शिशाच्या बॅटरीच्या सवयी तिला लावून चालत नाही. इथेच घोळ होतो.

सपाट रेषेचा चकवा

शिशाच्या बॅटरीचा व्होल्टेज मोजला की तिच्यात किती जीव उरला आहे, याचा अंदाज जुना वायरमनही सांगू शकतो. एलएफपीचे तसे नाही. तिचा एक सेल ३.२ व्होल्टच्या आसपास काम करतो. सुमारे २० टक्क्यांपासून ९० टक्क्यांपर्यंत त्याच्या व्होल्टेजमध्ये जेमतेम दशांश व्होल्टचा फरक पडतो. नंतर एकदम कडा येतो. भरत आला की ३.४ वरून ३.६५ कडे झपकन चढतो आणि रिकामा होत आला की ३ च्या खाली धाडकन कोसळतो.

कोविडच्या काळात घराघरांत पोहोचलेल्या पल्स ऑक्सिमीटरची गत काहीशी अशीच असते. रक्तातला ऑक्सिजनचा दाब बराच कमी झाला तरी बोटावरचा आकडा ९८ वरून ९३-९४ वर येतो, एवढेच. घरच्यांना वाटते, चारच टक्के तर कमी झाले. मग ९० ओलांडून खाली आला की तो भराभर घसरू लागतो, कारण आतली शिल्लक आधीच संपत आलेली असते. सपाट भागात दिसणारा आकडा दिलासा देतो, माहिती फारशी देत नाही.

मग पडद्यावरचे टक्के येतात कुठून? बॅटरीच्या आत बीएमएस नावाचा एक इलेक्ट्रॉनिक पहारेकरी असतो. तो किती वीज आत आली आणि किती बाहेर गेली याची बेरीज-वजाबाकी करत बसतो. रुग्णालयाच्या वॉर्डात सिस्टर रुग्णाने किती पाणी प्यायले आणि किती लघवी झाली याचा तक्ता ठेवतात, तसाच हा प्रकार. एका दिवसाचा तक्ता ठीक असतो. पण घाम, श्वासातली वाफ, अर्धा कप सांडलेला चहा अशा किरकोळ गोष्टी नोंदवायच्या राहतात. दहा दिवसांनी तक्ता एक सांगतो आणि रुग्णाच्या पायावरची सूज दुसरेच. मग रुग्णाला वजनकाट्यावर उभे करावे लागते. बॅटरीतही इन्व्हर्टर नुसता चालू असताना जाणारी थोडीशी वीज अशीच मोजणीतून निसटते. पूर्ण चार्ज हा बीएमएसचा वजनकाटा. सेल वरच्या कड्यापर्यंत पोहोचले की त्याला कळते, आता खरोखर १०० टक्के. आणि तिथून तो नव्याने मोजू लागतो. कित्येक दिवस तो क्षण आलाच नाही, तर ३५ टक्के हा आकडा निव्वळ अंदाज उरतो.

सोळांतला एक मागे पडतो

हा झाला मोजणीचा दोष. दुसरा दोष खऱ्याखुऱ्या शिलकीचा आहे. ५१.२ व्होल्टच्या बॅटरीत सोळा सेल एकामागे एक जोडलेले असतात. एकाच ओळीत असल्याने सोळांतून सारखाच प्रवाह जातो, सोळा एकदम भरतात आणि एकदम रिकामे होतात. निदान तशी अपेक्षा असते. पण कारखान्यातून एकाच दिवशी निघालेले दोन सेलही तंतोतंत सारखे नसतात. एखाद्यातली वीज आतल्या आत किंचित जास्त झिरपते. कडेचा सेल गार राहतो, मधला तापतो. महिन्यागणिक हा फरक साठत जातो.

समजा एक सेल १५ अँपिअर-तासांनी मागे पडला. चार्ज होताना बाकीचे पंधरा आधी काठोकाठ भरतात. ते जास्त भरू नयेत म्हणून बीएमएस चार्जिंग थांबवतो, तेव्हा मागे पडलेला सेल ८५ वरच असतो. रात्री तोच आधी तळ गाठतो आणि त्याला वाचवण्यासाठी बीएमएस अख्खी बॅटरी बंद करतो. इतर पंधरांच्या पोटात १५ टक्के वीज तशीच पडून राहते. घेतलेल्या पाच युनिटांपैकी हाती येतात सव्वाचार. त्यात जर सायंकाळी ढगाळ असल्याने चार्ज अपुरा झाला असेल, तर रात्री दोन वाजता काय होते हे सांगायला नको.

यावरचा इलाज बॅटरीतच असतो, त्याला बॅलन्सिंग म्हणतात. साध्या पद्धतीत बीएमएस पुढे गेलेल्या सेलमधली जादा वीज छोट्या रेझिस्टरमधून उष्णतेच्या रूपात सोडून देतो, म्हणजे मागचा येऊन गाठतो. महागड्या पद्धतीत ती वीज फुकट न घालवता मागे पडलेल्या सेलकडे वळवली जाते. साध्या पद्धतीचा प्रवाह फार लहान असतो, अनेकदा १०० मिलिअँपिअरच्या आसपास. पाच अँपिअर-तासांचा फरक त्याने मिटवायचा तर ५० तास लागतात. आणि हे काम फक्त वरच्या कड्याजवळ, साधारण ३.४ व्होल्टच्या पुढेच नीट होते. सपाट भागात सगळे सेल जवळजवळ सारखेच दिसत असल्याने कोण पुढे आणि कोण मागे हे कळायला मार्ग नसतो. तिथे केलेले बॅलन्सिंग उलट घडी विस्कटते.

फेब्रुवारीत ही अडचण जाणवत नाही. दुपारी एकलाच बॅटरी भरते, पुढचे दोन तास ती वरच्या कड्यावर असते आणि महिन्याभरात ५० तास आपसूक भरून निघतात. मृग लागला की चित्र बदलते. कोकणात किंवा सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. बॅटरी रोज ३० ते ७० टक्क्यांत घुटमळते. मोजणीही चुकत जाते आणि सेलही पांगत जातात. लाइट सर्वांत जास्त जाते तीही याच दिवसांत.

म्हणून पावसाळ्यात आठ-दहा दिवसांतून एकदा महावितरणच्या विजेवर बॅटरी पूर्ण भरून घ्यावी आणि भरल्यावर निदान दोन तास तशीच चार्जिंगवर राहू द्यावी. बहुतेक हायब्रिड इन्व्हर्टरमध्ये लाइटवरून चार्ज करण्याची सोय असते, पण विजेचे बिल वाचावे म्हणून बसवणारा ती बंद करून जातो. बिल वाचवणे हा सोलरचा उद्देश असतो हे खरे. ऑक्सिजनवरच्या रुग्णाच्या घरात तो दुय्यम ठरायला हवा. आठवड्यातून एकदा पूर्ण चार्ज करण्याचा सल्ला टेस्लाही आपल्या एलएफपी बॅटरीच्या मोटारींच्या मालकांना देते, तो याच स्वभावामुळे.

उलट टोकाला जाऊन बॅटरी रोज दिवसरात्र १०० टक्क्यांवर चढवून ठेवणेही बरे नाही. पूर्ण भरलेली आणि तापलेली अशा अवस्थेत ती लवकर म्हातारी होते. चंद्रपूर-नागपूरच्या मे महिन्यात पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवलेली बॅटरी हे दोन्ही भोगते. ती खालच्या मजल्यावर, सावलीत, हवा खेळती असलेल्या जागी हवी. रुग्णाच्या खोलीत नको आणि ऑक्सिजनच्या नळीजवळ तर नकोच. कमी भडकते म्हणजे भडकतच नाही असे नव्हे. फुगलेली किंवा गोडसर, रसायनासारखा वास येणारी बॅटरी लगेच बंद करून तंत्रज्ञाला बोलवावे. धूर निघू लागला तर घर सोडून बाहेर पडावे, कारण त्यातले वायू फुप्फुसांना फार घातक असतात. आधीच दमेकरी असलेल्याला तर एक-दोन श्वासही महागात पडू शकतात.

सेटिंगचा प्रश्न कंटाळवाणा वाटला तरी तो टाळता येत नाही. अनेक घरांत जुन्या इन्व्हर्टरला नवी लिथियम बॅटरी जोडली जाते आणि इन्व्हर्टर मात्र ‘ट्युब्युलर’वरच राहतो. शिशाच्या बॅटरीला अधूनमधून मुद्दाम जास्त व्होल्टेज देण्याची पद्धत आहे, तिला इक्वलायझेशन म्हणतात. नाव बॅलन्सिंगसारखे वाटते, पण एलएफपीला ते विष आहे. ते सेटिंग पूर्ण बंद हवे. सोळा सेलच्या बॅटरीला चार्जिंगचा व्होल्टेज साधारण ५५.२ ते ५६.८, म्हणजे सेलमागे ३.४५ ते ३.५५ पुरेसा होतो. त्यावर थोडा वेळ थांबून मग ५४ च्या आसपास उतरावे. सेलमागे ३.६५, म्हणजे एकूण ५८.४ ही शेवटची मर्यादा आहे, रोजचे ठिकाण नव्हे. चार्जिंगचा प्रवाह १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीला २० ते ५० अँपिअर ठीक. बॅटरीच्या पुस्तिकेत वेगळे आकडे असतील तर ते प्रमाण मानावेत. बॅटरी आणि इन्व्हर्टर एकमेकांशी बोलू शकतील अशी केबल पुष्कळ कंपन्या देतात. ती खोक्यातच राहिलेली नाही ना, एवढे तरी पाहावे.

आता निदानाचे. बहुतेक बीएमएसचे मोबाइल ॲप असते आणि त्यात सोळा सेलचे सोळा आकडे दिसतात. ते कोणत्या वेळी पाहावेत हे महत्त्वाचे. दुपारी तीनला, बॅटरी अर्धी असताना सगळे सेल ३.३० दाखवत असतील तर त्यावरून काहीच ठरत नाही. पूर्ण चार्ज होत आल्यावर पाहावे. पंधरा सेल ३.५ ला आणि एक ३.३५ ला रेंगाळत असेल तर तो मागे पडला आहे. त्याला वरच्या कड्यावर तास मिळाले की बहुधा तो सुधारतो. पण एखादा सेल चार्ज होताना सर्वांपेक्षा वर आणि लोड चालू असताना सर्वांपेक्षा खाली जात असेल, तर दुखणे वेगळे आहे. तिथे बहुधा जोडणीचा नट ढिला असतो किंवा सेलच अशक्त झालेला असतो. तिथे कितीही बॅलन्सिंग केले तरी उपयोग नाही. नट मात्र घरच्या पान्याने आवळायला जाऊ नये. ५१ व्होल्टचा झटका फारसा लागत नाही हे ऐकून अनेक जण धीट होतात. पान्याने दोन टोके जोडली गेली तर हजारो अँपिअरचा प्रवाह वाहतो, पाना लाल होतो आणि हात भाजतो.

दुर्लक्षित बॅटरी हे दुखणे घरांपुरतेच नाही. दुर्गम आरोग्य केंद्रांत लसी थंड ठेवण्यासाठी पूर्वी बॅटरीवरचे सौर फ्रीज दिले जात. पॅनेल टिकत, फ्रीज टिकत, बॅटऱ्या मात्र काही वर्षांत दम तोडत. शेवटी बॅटरीच नको म्हणून उन्हावर थेट चालणारे आणि थंडावा बर्फात साठवणारे फ्रीज तयार करण्यात आले. श्वास मात्र बर्फात साठवून ठेवता येत नाही, म्हणून घरी बॅटरीला पर्याय नाही. पण एकट्या तिच्यावर विसंबूनही चालणार नाही.

कॉन्सन्ट्रेटर असलेल्या घरात भरलेला एक सिलिंडर, त्याचा रेग्युलेटर आणि तो उघडायची चावी हे सगळे एकत्र, अंधारात हाताला लागेल असे ठेवलेले असावे. बी टाइप सिलिंडरमध्ये साधारण १५०० लिटर ऑक्सिजन असतो. डॉक्टरांनी मिनिटाला दोन लिटर सांगितला असेल तर तो बारा तास पुरतो, म्हणजे रात्र निघते. वीज गेल्यावर वाजणारा कॉन्सन्ट्रेटरचा अलार्म चालतो का, तेही यंत्राची पिन काढून एकदा पाहून घ्यावे. त्याचा स्वतःचा छोटा सेल पुष्कळदा संपलेला असतो.

आणि वर्षातून दोनदा, एकदा मे अखेरीस आणि एकदा गणपतीच्या सुमारास, बॅटरीची परीक्षा घ्यावी. ती आदल्या दिवशी पूर्ण भरायची. सकाळी सगळे घरात जागे असताना, सिलिंडर शेजारी ठेवून, मेन स्विच आणि सोलरचा स्विच बंद करायचा. रात्री जे चालते तेच चालू ठेवायचे आणि घड्याळ लावायचे. इन्व्हर्टर बंद पडला की रुग्णाला लगेच सिलिंडरवर घ्यायचे आणि किती तास झाले व पडद्यावर त्या क्षणी किती टक्के होते, हे दोन्ही आकडे तारखेसह भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवायचे. दहा तासांनी आणि पाच टक्क्यांवर बंद पडला तर सेल व मोजणी दोन्ही जागेवर आहेत. सहा तासांनी आणि ३५ टक्क्यांवर पडला, तर तंत्रज्ञाला फोन त्याच दुपारी करायचा आणि तो येऊन जाईपर्यंत रात्रीसाठी दुसरा भरलेला सिलिंडर मागवून ठेवायचा.